इथेच थांबा, वर बघा

दुबईबाहेरच्या वाळवंटात, कुद्राच्या तळ्यापाशी गाड्या लावून शेगडी पेटवली तेव्हा चांगला उजेड होता. कोळसे धरेपर्यंत अंधार पडला. डिसेंबरातला शनिवार, वाळू थंड पडत चाललेली. मोठी माणसं गाड्यांमागे चिकनला मसाला लावत बसली आणि पोरांनी बाप्टिस्ट अंकलना घेरलं. अंकल वसईकडच्या गिरीजचे. दुबईच्या हॉटेलांत उभा जन्म काढलेला माणूस, आता निवृत्तीला टेकलेला. त्यांच्याकडे गोष्टी असतात हे सगळ्यांना ठाऊक.

"जिनची सांगा," टोनी म्हणाला. "बट ओन्ली इफ इट्स रिअल."

"जिनबिन मला माहीत नाहीत, ती इथल्या अरबांची भुतं. मी आपल्याच माणसाची सांगतो. आमच्या लॅरिसाच्या घरात घडलेली."

"लॅरिसा? द वन इन द अ‍ॅप?" नोरानं विचारलं.

"तीच. मी तिचा गॉडफादर. घाबरट एक नंबरची. शेजारच्या घरात मिक्सर लागला तरी इकडे दचकते. त्यामुळे तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मी ठेवला."

अंकलनी चिमट्यानं एक कोळसा उलटा केला आणि सांगायला लागले.

गेल्या सप्टेंबरची बारा तारीख, शुक्रवार. लॅरिसा सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसातून निघाली ती बॅगेत माईक, खांद्यावर लॅपटॉप आणि डोक्यात संताप घेऊन. तिची कंपनी फोनमध्ये बोलणारे गाईड बनवायची. म्हणजे असं, की तुम्ही परदेशातल्या एखाद्या शहरात उभे राहता, कानात इअरफोनची बोंडं घालता, आणि लॅरिसा तुम्हाला मराठीत सांगते: उजवीकडे वळा, हा इतका जुना दरवाजा आहे, थांबा, वर बघा. तिनं स्वतः त्यातलं एकही शहर पाहिलेलं नव्हतं. तिचा समुद्र म्हणजे वसईचा, नाही तर दुबईतल्या ममझारचा.

या वेळी शहर होतं व्हॅलेन्सिया. स्पेनचं. बाराही महिने ऊन, किनारा, संत्र्याची झाडं. दिवाळीच्या सुट्टीत इथल्या मराठी मंडळींचा एक ग्रुप तिकडे जाणार होता आणि त्यांना मराठीत गाईड हवा होता. स्क्रिप्ट कुठल्या तरी मशीननं इंग्रजीवरून केलेली. 'कॅथेड्रल तुमच्या डोळ्यांना मेजवानी देते' असली वाक्यं. ती वाचायची, वाचता वाचता सुधारायची, आणि सुधारलं की बॉस शैलेंद्र विचारणार, हे बदललं कोणी.

हा शैलेंद्र नाशिकचा. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडात यार आणि खलास याखेरीज तिसरा शब्द क्वचित. त्या दिवशी ऑफिसचा स्टुडिओ गुजरातीवाल्या बाईंनी अडवला होता. त्यांना सर्दी झालेली, त्यामुळे एकेक वाक्य दहादा चाललेलं.

"घरी कर ना यार," शैलेंद्र म्हणाला. "कपाटात बसून कर, सगळे करतात. पण रात्री दहाच्या आत मला सगळे भाग क्लीन पाहिजेत. रविवारी क्लायंट ऐकणार. आवडलं तर तुझं कन्फर्मेशन."

"आणि नाही आवडलं तर?"

"इन्शाल्ला आवडेल."

तिचं प्रोबेशन त्या महिनाअखेर संपत होतं. गावच्या, गिरीजच्या शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून ती आली होती. विमानतळावर तिचा बाप सगळ्यांसमोर म्हणाला होता, महिन्याभरात रडत येशील. त्या एका वाक्यापायी तिनं सहा महिने दात आवळून काढले होते. परत जायचं म्हणजे त्या वाक्यावर सही करायची.

ती करामाला, घरी पोचली तेव्हा मगरिबची, दिवेलागणीची अजान होऊन गेली होती. जुनी तीन मजली इमारत, वरच्या मजल्यावर एकच मोठा हॉल, स्वयंपाकघर आणि न्हाणी. हॉलमध्ये एका टोकाला जॉयसचा पलंग, दुसऱ्या टोकाला लॅरिसाचा. जॉयस हॉटेलात रिसेप्शनला, रात्रपाळीची. ती लिपस्टिक लावत दाराशीच उभी होती.

"जेवून घे गं. सुरमईचं कालवण आहे."

"आधी व्हॅलेन्सिया."

"मर त्या व्हॅलेन्सियात," जॉयस म्हणाली आणि गेली.

लॅरिसानं दाराला साखळी लावली. एसी बंद केला, कारण माईक एसीची घरघर पकडतो. फ्रीजचा प्लग काढला. कपाटातले कपडे पलंगावर फेकले, खालच्या फळीवर उशी टाकून बसली आणि दारांवरून गोधडी सोडली. सप्टेंबरातली रात्र. दोनच मिनिटांत घाम हनुवटीवरून कागदावर पडायला लागला.

पहिला भाग सेरानोसचा दरवाजा.

"तुम्ही आता सेरानोस दरवाज्यासमोर उभे आहात. हे दोन बुरूज म्हणजे जुन्या शहराची वेस. या वेशीतून आत शिरा. आता सरळ चालत राहा."

इथे थोडा वेळ गप्प राहायचं, माणसाला चालायला वेळ द्यायचा. मग पुढचं. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कंपनीचं ठरलेलं पालुपद: "इथेच थांबा. वर बघा. पुढचा भाग सुरू होईपर्यंत कृपया जागा सोडू नका." लोक भलतीकडे भटकतात आणि अ‍ॅप गोंधळतं, म्हणून ते. त्याला हात लावायचा नाही असा शैलेंद्रचा हुकूम.

तिनं भाग पाठवला. कालवणाच्या पातेल्याकडे एकदा बघून आली तेवढ्यात फोन.

"लॅरिसा, मागे कोण चालतंय यार?"

"कोणी नाही. मी एकटी आहे."

"मग तू चालतेयस."

"मी कपाटात बसलेय, सर."

"मग कपाट चालतंय. परत कर."

तिनं परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा केलं. शैलेंद्रनं नुसता कपाळावर हात मारलेला इमोजी पाठवला. तिला रडू यायचं बाकी राहिलं होतं. वर गच्ची, तिथे एसीवाले आले असणार म्हणून तिनं वॉचमन खैरुद्दीनला फोन लावला. तो हैदराबादचा, या इमारतीत म्हातारा झालेला.

"चाचा, छत पे कौन है?"

"छत पे ताला है बेटी. चाबी मेरे गले में है."

तेव्हा मग तिनं हेडफोन लावून स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकलं. तिचा आवाज: आता सरळ चालत राहा. आणि मग, त्या गप्प राहण्याच्या जागेत, पावलं. जड. संथ. दिवसभर उभं राहून दमलेला माणूस चालतो तशी. पुढे ती दरवाज्याचा इतिहास सांगते, तिथे पावलं नाहीत. इथेच थांबा म्हणते, तिथेही नाहीत. तिसऱ्या वेळचं ऐकलं. तसंच. पावलं चालत होती ती फक्त तिनं चालायला सांगितल्यावर.

"व्हॉट द..." नोरा म्हणाली आणि टोनीला चिकटली.

"तुम्ही काय केलं असतं?" अंकलनी विचारलं.

"आय वुड लीव्ह," टोनी म्हणाला.

"मीही. पण ती नोकरीवाली मुलगी. तिनं काय केलं, घड्याळ बघितलं. साडेसात झाले होते आणि एकही भाग झालेला नव्हता."

तिनं स्वतःला समजावलं. भिंती पातळ आहेत. शेजारी कोणी तरी फेऱ्या मारत असेल, योगायोग असेल. आता आवाज आलाच तर शैलेंद्रनं कापून काढावा, त्यासाठी त्याला पगार मिळतो. ती पुन्हा गोधडीमागे गेली आणि दुसरा भाग सुरू केला. रेशमाच्या व्यापाऱ्यांची जुनी पेठ, लोंखा.

"आता उजवीकडे वळा."

या वेळी तिनं हेडफोन काढून ठेवले होते. गोधडीपलीकडे, हॉलमध्ये, कोणी तरी वळलं.

ती वाचत राहिली. थांबली असती तर ऐकावं लागलं असतं. "पिळाच्या दोरासारखे हे दगडी खांब बघा. आता खांबांमधून खिडकीकडे चला." पावलं निघाली. हॉलच्या मधोमध आली. तिथे काही नव्हतं, नुसती फरशी. तरी पावलं तिथे थबकली, डावीकडे सरकली, कशाला तरी वळसा घातला आणि मग खिडकीकडे गेली.

"इथेच थांबा. वर बघा. पुढचा भाग..."

थांबली.

तिनं घाम पुसला. कागदाचं पान बदललं. पानाचा आवाज केवढा मोठा झाला. तिसरा भाग मिगेलेतेचा. कॅथेड्रलचा मनोरा. गोल जिना, अरुंद, चढायला कठीण.

"आता मनोऱ्याचा जिना चढायला सुरुवात करा. सावकाश. घाई करू नका."

पहिलं पाऊल जमिनीवर वाजलं.

दुसरं जरा वर.

तिसरं... पलंगाच्या उंचीवर.

हॉलमध्ये जिना नव्हता. शिडी नव्हती, स्टूलसुद्धा नव्हतं. पावलं चढत होती. खिडकीच्या उंचीवर. पडद्याच्या दांडीच्या उंचीवर. गोल फिरत. मग कपाटाच्या माथ्यापाशी. मग बरोबर तिच्या डोक्यावर.

"थांबा," ती म्हणाली. स्क्रिप्टमध्ये नसलेलं. आपोआप तोंडातून गेलं.

पावलं थांबली. तिथेच.

ती गोधडी फाडल्यासारखी बाहेर पडली. वर बघितलं नाही. साखळी काढताना नख मोडलं. जिन्यावर अनवाणी बसून तिनं बाप्टिस्ट अंकलना फोन लावला. अंकल तेव्हा शारजात, ट्रॅफिकमध्ये अडकलेले.

"घर सोड. इकडे ये," ते म्हणाले.

"आणि रेकॉर्डिंग?"

अंकलनी गाडी कडेला घेतली.

"तो अर्ध्या जिन्यात आहे, अंकल," ती म्हणाली. "मी त्याला मध्येच थांबवलं."

हे ती ज्या आवाजात म्हणाली, अंकल सांगतात, तो आवाज त्यांनी त्या मुलीकडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. भीती होती त्यात. पण वैतागही होता, स्वतःवरचा. अर्धवट काम टाकून आल्यावर होतो तसा.

खैरुद्दीन चाव्या वाजवत वर आला. दार सताड उघडं, पोरगी पायरीवर, हे बघून तो दोन पायऱ्या खाली बसला.

"आवाज आता क्या?"

तिनं मान डोलावली. त्यानं चाव्यांचा जुडगा मांडीवर ठेवला.

"पहले इस हॉल में लकड़ी के पार्टीशन थे," मग तो म्हणाला. "सब अकेले मर्द. बीच में ऐसी तख्ती, घूम के जाना पड़ता था. खिड़की वाला बेड किसन का. तुम्हारे रत्नागिरी का आदमी, बिल्डिंग की साइट पे काम करता था. छुट्टी के दिन सब घूमने जाते, ये नहीं. बोलता था, अगले जुम्मे को. हर जुम्मे को यही बोलता था."

"मग?"

"एक जुम्मे को तैयार हो गया. इस्त्री का शर्ट, बालों में तेल. लड़के बोले, तू इधरीच रुक, हम गाड़ी ले के आते. दोस्त की गाड़ी थी, टायर पंक्चर हो गया, देर हो गयी."

"मग?"

"वो रुका."

खाली रस्त्यावर कोणी तरी हॉर्न दिला.

"वापस आये तो बैठा हुआ था. बुलाया... बैठा हुआ ही था."

लॅरिसा उठली. खैरुद्दीन म्हणाला, मत जाओ बेटी, सुबह करो. पण सकाळी करायचं ते करणार कसं? दहाची वेळ होती. शिवाय तिला सारखं वाटत होतं, आपण एका माणसाला वर अडकवून ठेवलंय. तिला स्वतःच्या भीतीचाही राग येत होता. कंपनीचा, शैलेंद्रचा, गुजराती बाईंच्या सर्दीचा, बापाचा, सगळ्यांचा राग एकदम. रागानंच तिला आत नेलं, नाही तर ती गेली नसती.

तिनं साखळी पुन्हा लावली. कपाटात बसली. गोधडी सोडली.

हॉल गप्प. वर... गप्प.

"आपण आता मनोऱ्याच्या माथ्यावर पोचत आहोत," तिनं वाचलं. आवाज फाटत होता. "शेवटच्या पायऱ्या चढा."

पावलं चढली.

"इथून सगळं व्हॅलेन्सिया दिसतं. खाली कौलारू छपरं. निळ्या फरशीचे घुमट. ऊन पडलं की ते घुमट चकाकतात. आणि पलीकडे, पूर्वेला, तो समुद्र."

स्क्रिप्टमध्ये इथे दोन ओळी होत्या. ती थांबून थांबून वाचत राहिली. एरवी फोन कानाला लावून भराभरा ऐकणाऱ्या टुरिस्टांसाठी वाचायची, तसं नाही. घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवावं तसं. वर काही हललं नाही. बघत असावं.

मग तिनं त्याला खाली आणलं. सावकाश. एकेक पायरी.

पुढचा भाग तुरियाचा. तिथे पूर्वी नदी होती. मोठा पूर येऊन शहर बुडालं, तेव्हा लोकांनी नदी गावाबाहेर वळवली आणि कोरड्या पात्रात बाग केली. "या पात्रातून चालत राहा. आता इथे पाणी नाही, घाबरू नका." पावलं हॉलभर फिरली. पार्टिशनच्या जागी या वेळी वळसा नव्हता. सरळ गेली. आरपार.

सरळ. तिच्याकडे.

"डाव्या हाताला पांढऱ्या इमारती दिसतील. विज्ञाननगरी. जहाजाच्या सांगाड्यासारख्या..."

जवळ.

"इथेच थांबा. वर बघा. पुढचा भाग..."

गोधडीच्या पलीकडे थांबली.

मध्ये फक्त कापड होतं. लॅरिसानं श्वास धरला. आता खोलीत एकही श्वास उरायला नको होता... पण होता. गोधडी जराशी आत आली. मग बाहेर गेली. मग आत.

फोन थरथरला. शैलेंद्र. "कुठे पोचलीस? पावणेदहा."

तिनं फोन पालथा घातला. एकच पान उरलं होतं. माल्वारोसाचा किनारा.

ती वाचत गेली. समोर भूमध्य समुद्र. पायाखाली बारीक सोनेरी वाळू. पाणी कोमट, लाटा लहान, पोरांनासुद्धा चालतील अशा. गोधडी आत, बाहेर. आत, बाहेर. मग शेवटची ओळ आली. तीच ठरलेली. इथेच थांबा.

ती बोलली नाही.

हात लावायचा नाही, क्लायंटनं मंजूर केलेली ओळ आहे. ती बदलली की भाग नापास. भाग नापास की गिरीज. विमानतळावर बाप उभा असणार, काही बोलणार नाही, नुसती बॅग हातातून घेईल. हे तिला सगळं दिसलं. रेकॉर्डिंग चालू होतं. सेकंद जात होते.

"आता थांबायचं कारण नाही," ती म्हणाली. "कोणी गाडी घेऊन येणार नाही. तुम्ही थांबू नका. समुद्र समोर आहे. जा."

गोधडी आत आली होती. तिथेच राहिली. बराच वेळ.

मग सैल पडली.

पावलं वळली. हॉल ओलांडला. दाराशी गेली. दाराचा आवाज आला नाही, साखळीचाही नाही. पण पुढचं पाऊल बाहेरच्या जिन्यावर वाजलं. मग खालच्या मजल्यावर. मग अगदी खाली.

खैरुद्दीन इमारतीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणतो, कोणी गेलं नाही. फक्त दहाच्या सुमारास तो खुर्चीवरून उठून बाजूला झाला होता. का उठला, ते त्याला सांगता येत नाही.

"अँड दे बिलीव्ड हर?" टोनीनं विचारलं.

"कोण विश्वास ठेवणार? ऐक तर पुढे."

रविवारी शैलेंद्रचा फोन आला. खूश होता. सगळं क्लीन आहे म्हणाला, पावलंबिवलं काही नाहीत, क्लायंट म्हणतो ही मुलगी मनापासून बोलते. कन्फर्मेशनची मेल सोमवारी येईल.

"फक्त ते शेवटचं काय बोललीस गं? गाडीबिडी? ते मी कापलं. तुरियाच्या भागातलं क्लोजिंग उचललं, तिथे चिकटवलं. मस्त बसलं."

"सर, तेवढं ठेवू नका."

"काय?"

"इथेच थांबा. ते ठेवू नका. तिथे नको."

"का?"

ती काय सांगणार? तो तिथे थांबेल म्हणून? कोण थांबेल? तिनं उच्चार चुकलाय म्हटलं, पुन्हा रेकॉर्ड करून देते म्हटलं, फुकट देते म्हटलं. तो हसला.

"खलास, लॅरिसा. अपलोड झालं. यल्ला, एन्जॉय कर. पक्की झालीस तू."

नोकरी पक्की झाली. बापानं फोनवर, म्हणजे आईच्या फोनवर मागून, बरं झालं म्हटलं. जॉयसनं केक आणला. आणि लॅरिसाचं जेवण सुटलं. हॉलमध्ये त्यानंतर पाऊल वाजलं नाही, पण तिला तेच सोसेना. ती दर आठवड्याला शैलेंद्रला मेल लिही, ती ओळ काढा. तो अंगठा पाठवी. अंकलकडे आली की तेच. मी त्याला जा म्हटलं, अंकल, आणि माझ्याच आवाजात त्याला परत उभं केलं. इकडे निदान खोली होती, छप्पर होतं. तिकडे परक्या मुलखात, उन्हात, कुणाची वाट बघत. आणि मी एवढी मोठी गाईड, मला ते पुसताही येत नाही.

अंकल तिला म्हणायचे, चर्चमध्ये त्याच्यासाठी एक मेणबत्ती लाव. ती म्हणायची, मेणबत्तीनं फाइल बदलते का?

दिवाळी झाली. ग्रुप परत आला. त्यात नीलेश म्हणून अंकलच्या ओळखीचा एक मुलगा होता, त्याची आई कृष्णाबाई बदलापूरहून आलेली. तिला व्हॅलेन्सिया दाखवायला नेलं होतं. बाईंनी अंकलना आणि लॅरिसाला जेवायला बोलावलं, फोनमधली पोरगी बघायची म्हणून. गाईडचं फार कौतुक केलं. मनोऱ्यावर मी काही चढले नाही, पण तुझं ऐकून खालीच सगळं दिसलं, म्हणाल्या.

"आणि समुद्रावर?" लॅरिसानं विचारलं. तिच्या हातात घास तसाच होता.

"समुद्रावर तू म्हणालीस, इथेच थांबा. मंडळी गेली पाण्यात, मला मेलं गुडघ्यांचं दुखणं. मी बसले. म्हटलं, ही पोरगी सांगते तर थांबू. आणि बसले त्याच्या शेजारीच ते होतं. मी फोटो काढून ठेवला, नीलेश हसतो मला."

शेगडीतले कोळसे राखाडी झाले होते. गाडीमागून कोणी तरी प्लेट्स मागितल्या, पण पोरं उठली नाहीत. अंकलनी खिशातून फोन काढला, अंगठ्यानं बराच वेळ शोधलं आणि मग तो फोन पोरांच्या मध्ये वाळूवर ठेवला.

फोटोत लख्ख ऊन होतं. रंगीत छत्र्या, पोरं, दूरवर निळं पाणी. आणि अगदी पुढे, सपाट वाळूत, बुटांचा एक जोड. बांधकामाच्या साइटवरचे बूट, पुढून लोखंडी, सिमेंटनं पांढरे पडलेले. टाचा कॅमेऱ्याकडे, तोंडं समुद्राकडे. दोन्हींच्या लेसा एकमेकींना बांधलेल्या आणि गाठीत एक लाल चिंधी.

"स्पेनमध्येही कामगार असतात," टोनी मराठीत म्हणाला. तो मराठीत क्वचित बोले.

"असतात ना," अंकल म्हणाले. "पण ही चिंधी आपल्या इकडची, दुबईतली. एका खोलीत खूप माणसं झोपली की दाराशी बुटांचा ढीग होतो. आपला जोड अंधारात सापडावा म्हणून बांधतात."

नोरानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. बुटांभोवतीची वाळू दिसायला लागली. वाऱ्यानं नुकतीच गुळगुळीत केलेली, त्यावर कुठेही पाऊल नाही, येणारं नाही की जाणारं नाही. एका बुटात मोजे होते. नीट घडी करून आत सरकवलेले, पाण्यात पाय बुडवून परत येणारा माणूस ठेवतो तसे.

"देन? हू केम?" तिनं हळूच विचारलं.

"कृष्णाबाई अंधार पडेपर्यंत तिथे बसल्या होत्या," अंकल म्हणाले. "बूट घ्यायला कोणी आलं नाही."